मंजुरी येईपर्यंत

या कामाला पदवी लागत नाही. दिव्यांग माणसाला सकाळी उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं, बाजारात किंवा पोहायला नेणं यासाठी ऑस्ट्रेलियात 'सपोर्ट वर्कर' असतात आणि त्यांतल्या पुष्कळांकडे कुठलाही डिप्लोमा नसतो. पण सरकारकडे नोंदणी असलेल्या संस्थेतर्फे हे काम करायचं तर एका गोष्टीला पर्याय नाही: एनडीआयएस वर्कर स्क्रीनिंग चेकची मंजुरी. लोक तिला नुसतं 'क्लिअरन्स' म्हणतात.

सांगलीत मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. मेलबर्नला, टार्नीटमध्ये राहायला आल्यावर शिक्षिका म्हणून पुन्हा उभं राहायचं तर वेगळी नोंदणी, इंग्रजीची परीक्षा असा लांबचा रस्ता दिसत होता. त्याच सुमारास शेजारच्या एका पंजाबी ताईंनी या कामाबद्दल सांगितलं. माझ्या आतेभावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. मान धरून त्याला बसतं कसं करायचं, घास किती बारीक करायचा, तो 'हो' कसं म्हणतो आणि 'नको' कसं म्हणतो हे मी लहानपणापासून बघत आले होते. मुलाखतीत मी तेच सांगितलं. मॅनेजरबाई म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला हव्या आहात. पण क्लिअरन्स येईपर्यंत आमच्या कुठल्याही पार्टिसिपंटच्या घरी तुम्हाला पाठवता येणार नाही."

इथल्या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेचा, म्हणजे एनडीआयएसचा, कायदा 2013 चा. या योजनेत दिव्यांग व्यक्तीला, म्हणजे 'पार्टिसिपंट'ला, तिच्या गरजेप्रमाणे निधी मंजूर होतो आणि कुणाकडून, कोणती मदत घ्यायची हे ती स्वतः ठरवते. पूर्वी कर्मचाऱ्यांच्या तपासणीची रीत प्रत्येक राज्यात निराळी होती. 1 फेब्रुवारी 2021 पासून जवळजवळ सगळ्या राज्यांत एकसारखी तपासणी सुरू झाली आणि नॉर्दर्न टेरिटरी त्याच वर्षी जुलैत त्यात आली. आता एका राज्यात मिळालेली मंजुरी देशभर चालते आणि पाच वर्षं टिकते. शंभरावर डॉलर फी आहे. बहुतेक राज्यांत स्वयंसेवकांना ती माफ आहे. पगार सुरू व्हायच्या आधी एवढी रक्कम भरणं नव्याने आलेल्या घराला जड जातं. संस्थांनी ती स्वतः भरावी असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

व्हिक्टोरियात अर्ज ऑनलाइन करायचा असतो. पासपोर्ट, व्हिसा, लायसन्स जोडलं की ओळख पटते. माझं अडलं ते नावापाशी. आजवर ज्या ज्या नावांनी तुम्ही ओळखले गेलात ती सगळी नावं लिहा, असं अर्जात होतं. मराठी बाईसाठी हा प्रश्न एका ओळीत संपणारा नाही. दहावीच्या सर्टिफिकेटवर माझं आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव माझ्या नावाला जोडून आणि आडनाव सासरचं. शिवाय लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने एक नवंच नाव लिहिलेलं. त्या नावाने मला फक्त सासूबाई हाक मारायच्या, पण गावाकडच्या रेशनकार्डावर तेच चढलेलं. नवरा म्हणाला, "ते कशाला लिहितेस? उगीच शंका येतील." मी सगळी लिहिली, लग्नाचा दाखला इंग्रजी भाषांतरासह हाताशी ठेवला आणि नावं का बदलली हे साध्या वाक्यांत लिहून तयार केलं.

हे का विचारतात ते मला पटलं होतं. नोंदी शोधल्या जातात त्या नावावरून. ज्याला मागचं झाकायचं आहे तो आधी नाव बदलतो, मग गाव बदलतो आणि मग एखाद्या अशा घरात शिरतो जिथलं माणूस त्याच्याबद्दल तक्रार करू शकणार नाही.

साध्या पोलीस तपासणीपेक्षा ही तपासणी बरीच खोल जाते. आपल्याकडे पासपोर्टच्या वेळी ठाण्यातून बोलावणं येतं, ओळखीच्या दोघांची नावं द्यावी लागतात आणि 'गुन्हा नाही' एवढा शेरा पडला की विषय संपतो. इथे शिक्षा झालेले गुन्हे तर बघतातच, पण दाखल झालेले आरोप, आधीच्या नोकरीतली शिस्तभंगाची कारवाई, एनडीआयएसच्या गुणवत्ता व सुरक्षा आयोगाकडे आलेल्या तक्रारी आणि चौकश्याही विचारात घेतल्या जातात. मंजुरी मिळाल्यावरही नजर हटत नाही. पाच वर्षांत मध्येच काही गंभीर नोंद झाली तर मंजुरी स्थगित होते किंवा काढून घेतली जाते आणि ज्या संस्थेशी तुमचं नाव जोडलेलं असतं तिला ते कळवलं जातं. नकार द्यायचा झाला तर आधी तसं कळवून बाजू मांडायची संधी देतात. त्यामुळे तरुणपणी एखादी चूक झालेल्या माणसाला दार कायमचं बंद होतंच असं नाही. कुठली चूक, किती जुनी, या कामाशी तिचा संबंध काय, हे तपासलं जातं. हे मला न्याय्य वाटतं.

अर्ज भरला, फी भरली, तरी गाडी पुढे सरकेना. अर्जदाराला कामावर घेणाऱ्या संस्थेने राष्ट्रीय डेटाबेसमध्ये जाऊन 'हो, ही व्यक्ती आमच्याकडे येणार आहे' असं नोंदवावं लागतं. त्याशिवाय तपासणी सुरूच होत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी रोज मेल उघडून बघत होते आणि तिकडे संस्थेच्या ऑफिसात माझा अर्ज कुणाच्या तरी यादीत नुसता पडून होता. शेवटी मी फोन केला तेव्हा कळलं की ते काम बघणारी मुलगी नोकरी सोडून गेली होती आणि तिच्या जागी कुणी नेमलंच नव्हतं. ज्यांच्या घरी मदतीला माणूस नाही अशी कुटुंबं वाट बघत असतात आणि काम करायला तयार असलेलं माणूस एका क्लिकसाठी घरी बसून असतं, याचा मला राग आला. तपासणी काटेकोर असावी, पण अर्ज हलवणारं माणूसही असायला हवं. काही राज्यांत अर्ज प्रलंबित असताना देखरेखीखाली काम सुरू करता येतं. क्वीन्सलंडमध्ये मंजुरीआधी सुरुवातच करता येत नाही. आमच्या संस्थेचा स्वतःचा नियमही तसाच कडक होता.

त्या काळात मी ओरिएंटेशन मॉड्यूल पूर्ण केलं. हा आयोगाने तयार केलेला ऑनलाइन धडा आहे. दिव्यांग माणसं स्वतः काय सहन करतात हे त्यात त्यांच्या बाजूने येतं. त्याला जोडून मी 'रेस्ट्रिक्टिव्ह प्रॅक्टिस'बद्दल वाचत गेले. म्हणजे माणसाच्या हालचालीवर किंवा हक्कांवर घातलेले निर्बंध. खोलीत एकट्याला कोंडणं, आवरायला सोपं जावं म्हणून औषध देणं, खुर्चीला बांधणं, दाबून धरणं, फ्रीजला कुलूप लावणं हे सगळं त्यात येतं. परवानगीशिवाय असं काही केलं तर संस्थेला ते आयोगाला कळवावं लागतं. मृत्यू, गंभीर दुखापत, छळ किंवा हेळसांड असेल तर 24 तासांच्या आत.

ते वाचताना मला आत्याचं घर दिसत राहिलं. पाहुणे आले की आतेभावाच्या खोलीला बाहेरून कडी लागायची. त्यात दुष्टपणा नव्हता. तो रांगत बाहेर यायचा, लोक बघत राहायचे आणि आत्याला ते सोसायचं नाही. पण कडी लागल्यावर आतून दारावर येणारा त्याच्या हाताचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकलेला आहे, आणि अशा कोंडण्याला कुठे काही नाव असतं, कुणी ते नोंदवून घेतं, हे मला इतक्या वर्षांनी कळत होतं.

मी आत्याला फोन करून हे सगळं सांगितलं. कडीबद्दल ती काही बोलली नाही. क्लिअरन्सबद्दल मात्र म्हणाली, "एवढं बघतात? अगं, इथे ब्यूरोला फोन केला की दुसऱ्या दिवशी मावशी हजर. आधारची झेरॉक्स ठेवून घ्यायची, झालं." मग तिने ती जुनी गोष्ट पुन्हा सांगितली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ब्यूरोतून दिवसभरासाठी एक बाई ठेवली होती. महिनाभर आतेभाऊ दुपारभर झोपून राहायचा, संध्याकाळी डोळे जड, जेवण नको. त्या बाईच्या पिशवीत झोपेच्या गोळ्या सापडल्या. तिला काढलं, ब्यूरोला कळवलं. ब्यूरोने माफी मागितली आणि दुसरी बाई पाठवली. काही महिन्यांनी तीच पहिली बाई मिरजेत एका पक्षाघात झालेल्या आजोबांकडे कामाला असल्याचं आत्याला कळलं. त्या घराला काही माहीत नव्हतं, कारण माहिती होण्याचा रस्ताच नव्हता.

त्या फोननंतर मी क्लिअरन्सकडे कटकट म्हणून बघणं सोडलं. या तपासणीचा खरा उपयोग माणसाच्या मागे त्याची नोंद चालत जाते हा आहे. मिरजेतल्या त्या घराला नेमकं हेच मिळालं नाही.

मंजुरी आली ती साध्या मेलमध्ये: एक क्रमांक, मुदतीची तारीख. पुढच्याच आठवड्यात मला तिशीतल्या एका तरुणाकडे पाठवलं. तो डोळ्यांच्या हालचालीने पडद्यावरचे शब्द निवडून बोलतो. दार त्याच्या आईने उघडलं. चहापाणी, हवापाणी काही न विचारता त्यांनी पहिला प्रश्न केला, "तुमचं क्लिअरन्स आहे ना?" मी फोनवर मेल दाखवला. त्यांनी चष्मा लावून क्रमांक आणि तारीख वाचली, मग मला आत घेतलं. मला अपमान वाटला नाही. मुलाच्या आंघोळीला एक परकी बाई आत जाणार आहे, तिला हा प्रश्न त्या विचारणारच. मग त्या तरुणाने माझ्याकडे बघून पडद्यावर स्वतःचा प्रश्न जुळवला. त्याला जाणून घ्यायचं होतं की मला क्रिकेट कळतं का. माझ्याबद्दलची त्याची तपासणी तिथून सुरू झाली आणि ती अजून चालू आहे असं मी समजते.

नुसत्या तपासणीने सगळं साधत नाही हेही या देशाने फार दुःखाने बघितलं आहे. ॲडलेडमध्ये अ‍ॅन-मरी स्मिथ नावाच्या बाई राहत. वय 54, सेरेब्रल पाल्सी. एनडीआयएसमधून त्यांच्यासाठी रोज सहा तासांची मदत मंजूर होती. ती मदत द्यायला येणारी व्यक्ती मात्र एकच होती. 6 एप्रिल 2020 रोजी त्या रुग्णालयात वारल्या. वर्षाहून अधिक काळ त्यांना रात्रंदिवस एकाच वेताच्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं, अंगावर खोल जखमा झाल्या होत्या, पोटात पुरेसं अन्न नव्हतं. त्यांच्या मदतनीस बाईला पुढे सदोष मनुष्यवधाबद्दल तुरुंगवास झाला. या प्रकरणाच्या स्वतंत्र चौकशीत माजी न्यायाधीश ॲलन रॉबर्टसन यांनी स्पष्ट शिफारस केली की अशा असुरक्षित व्यक्तीच्या घरी सेवा देणारी व्यक्ती एकमेव असू नये. दिव्यांगांवरील हिंसा, छळ आणि हेळसांड यांची चौकशी करण्यासाठी 2019 मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने सप्टेंबर 2023 मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यात 222 शिफारशी आहेत.

मला यातून एक गोष्ट कळते. तपासणी मागच्या आयुष्यात डोकावते. उद्या बंद दाराआड काय होईल ते बघायला तिथे दुसरं माणूस जावं लागतं. म्हणून आमच्या संस्थेत आता त्या तरुणाकडे आम्ही तिघं आळीपाळीने जातो, वहीत काय झालं ते लिहितो आणि सुपरवायझर न कळवता मध्येच येते. ती आली की मला बरं वाटतं.

इथे या कामात येऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींना सांगते: पासपोर्ट, लायसन्स, मेडिकेअर कार्ड यांवरची नावं अर्जाआधीच ताडून बघा. लग्नाचा दाखला भाषांतर करून ठेवा. जुनी नावं लपवू नका. अर्ज केल्या दिवशीच संस्थेला फोन करून 'तुमच्या बाजूने पडताळणी झाली का' हे विचारा. ती झाल्याचं त्यांच्याकडून लेखी घ्या.

आणि सांगली, पुणे, नाशिक, पणजी, जिथे कुठे घरात असं माणूस आहे आणि ब्यूरोतून कुणी येतं, त्या घरांना हात जोडून विनंती आहे. आधारच्या झेरॉक्सवर थांबू नका. या आधी कुठे काम केलं ते विचारा आणि त्या घरी स्वतः फोन करा. पोलीस ठाण्यात पडताळणी करून घ्या. शेजाऱ्याला, भावाला, शाळेतल्या बाईंना वेळीअवेळी डोकावायला सांगा. काही वाईट घडलं तर त्या बाईला किंवा बुवाला नुसतं काढून टाकू नका, लेखी तक्रार करा, म्हणजे पुढच्या घराला निदान ती सापडेल.