भार कोणी काढायचा?

आमच्या वस्तीतल्या काकांच्या तळव्याला अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी जखम होती. आठ महिने. काका ठेक्यावरचे सफाई कामगार, शुगर जुनी. गमबुटात खडा गेला होता, तो दिवसभर टोचत राहिला आणि काकांना कळलाच नाही. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. दुखत नाही, म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो.

आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही लोक स्वच्छता ठेवत नाही." अख्खं शहर झाडणाऱ्या माणसाला! आम्ही त्या दिवशी गप्प बसलो, हे आजही सलतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं. पायातला रक्तप्रवाह तपासला, घट्टे कापले, जंतुसंसर्ग आधी बरा केला. मग पायाला घट्ट बसेल असं प्लास्टर घातलं. हा उपाय कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वापरला गेला होता, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यावर पुष्कळ काम केलं. समाजाने ज्यांना गावाबाहेर ठेवलं, त्यांच्या जखमांवरून जग हे शिकलं: नुसत्या मलमाने जखम भरत नाही, तिच्यावरचा भार काढावा लागतो. भार निघाला की बहुतेक जखमा दोन-तीन महिन्यांत भरतात.

नवव्या दिवशी काकांनी ब्लेडने प्लास्टर कापलं आणि हजेरीला गेले. आम्ही त्यांच्यावर ओरडलो. काका एवढंच म्हणाले, "चार खाडे झाले की मुकादम बदली माणूस लावतो."

याला कोणी अडाणीपणा म्हणू नये. कामगार विम्याची आखणी बाबासाहेब मजूरमंत्री असताना झाली, कायदा १९४८ साली आला. त्यात आजारी कामगाराला वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगार मिळतो. म्हणजे जखम भरायला लागतो साधारण तेवढा काळ! ठेकेदार काकांच्या पगारातून दरमहा पैसे कापत होता. चौकशी केली तेव्हा कळलं, भरणा झालेलाच नव्हता. मधुमेहाचा त्रास स्वतः बाबासाहेबांनीही सोसला होता, आणि त्यांच्या माणसाच्या पायाचे पैसे कोणीतरी खाल्ले.

काकांचा अंगठा गेला. ठेकेदाराविरुद्ध आमची तक्रार अजून पडून आहे. आता आम्ही वस्तीतल्या प्रत्येक ठेका कामगाराकडे पगाराची चिठ्ठी मागतो, विम्याचा भरणा झाला का ते बघतो, आणि निघताना म्हणतो, "बूट काढा, तळवे दाखवा."