मानधनाचं नंतर बघू

सांगली

चि. ऋचा,


तुझं पत्र पोचलं. तू बँकेतली नोकरी सोडलीस हे दादाने आधीच फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलं होतं. मला त्यात रडण्यासारखं काही वाटलं नाही. गळा आहे, बारा वर्षांची तालीम आहे, वय सव्वीस. आता नाही तर कधी? पण पत्राच्या शेवटी सहज लिहिलेली एक गोष्ट मला खुपली. दिवाळी पहाटेचं बोलावणं आलंय, आयोजक म्हणाले ‘मानधनाचं नंतर बघू’, आणि तू ‘बरं’ म्हणालीस.

का म्हणालीस?

मंडपवाला आगाऊ घेतल्याशिवाय टेम्पोतून बांबू उतरवत नाही. साउंडवाला, फुलवाला, फराळ पुरवणारा, सगळ्यांचे दर ठरलेले. लोक पहाटे उठून, आंघोळ करून जिच्यासाठी येणार, तिचंच तेवढं नंतर बघायचं!

१९८७ साली मीही ‘बरं’ म्हणाले होते. एका तालुक्याच्या गावी गणपतीत गाणं होतं. तबल्याला आमचे नेहमीचे काका. रात्रीच्या एस.टी.ने गेलो, तंबोरा मांडीवर घेऊन, कारण तो टपावर टाकायची छाती होईना. अडीच तास गायले. भैरवी झाली, शाल झाली, नारळ झाला, पाकीट मिळालं. पाकीट परतीच्या गाडीत उघडलं. एक्कावन्न रुपये. दोघांचं जाण्यायेण्याचं भाडंही त्यात बसत नव्हतं. मी ते सगळे काकांच्या हातात ठेवले. ते काही बोलले नाहीत. नोटा मांडीवर सरळ केल्या, घडी घातली, खिशात टाकल्या. पुढच्या कार्यक्रमाला विचारलं तेव्हा म्हणाले, ‘त्या दिवशी जमायचं नाही.’ मग कधी जमलंच नाही. कलेसाठी स्वतः उपाशी राहायची हौस मला परवडत होती. चार लेकरांच्या बापाला त्यात ओढायला नको होतं. (शाली अजून आहेत. एकवीस झाल्या. हव्या तर ने.)

पैसे विचारले की कलेचा अपमान होतो, असं आपल्याला कुणी शिकवलं कोण जाणे. मोगूबाई कुर्डीकरांसारख्या गायिकेने थर्ड क्लासच्या डब्यातून प्रवास करायचा, उतरायचं कुणाच्या तरी घरी, आणि बिदागी हातावर टेकवल्यासारखी. त्यांच्या लेकीने, किशोरीताई आमोणकरांनी, हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे मुलाखतींतून सांगितलंही. त्यांच्या कडकपणाचे किस्से लोक चवीने सांगतात. मला तो आईच्या वाटचा वसूल केलेला हिशेब वाटतो.

माझ्या उमेदीत रीतसर वागवलं ते आकाशवाणीने. ऑडिशन होऊन ग्रेड मिळाली की घरी करारपत्र यायचं. तारीख, वेळ, फी, सगळं लिहिलेलं. सही करून परत पाठवायचं. रक्कम बेताचीच, पण गाण्याआधी आकडा कागदावर देणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही.

एरवी पोट भरेल ते शिकवण्यांवर. विशारदला बसणाऱ्या मुली सांभाळ, त्यांचा कंटाळा करू नकोस; मात्र सकाळचे दोन तास कुणाला देऊ नकोस, पालक कितीही गोड बोलले तरी. आणि चार पैसे बाजूला टाक. कुमार गंधर्व क्षयामुळे १९४८ साली देवासला गेले, त्यानंतर पाचेक वर्षं त्यांना गाता आलं नाही. गळ्याला आजारपणाची रजा मिळते, पण ती बिनपगारी.

तेव्हा असं कर. उद्या आयोजकांना फोन कर. आधी तबलजी आणि पेटीवाल्यांचा आकडा सांग, मग गाडीभाड्याचा, मग तुझा. ‘नाही’ म्हणाले तर ‘बरं’ म्हण, ते तुला छान जमतं. आवाज चढवू नकोस. तुझा सा काळी चारचा, पण बोलताना खर्जातच राहा.

दोन्ही तंबोरे मी मिरजेला जवारी काढायला दिलेत. मंगळवारी मिळतील, येऊन घेऊन जा. कारागिराने पैसे आधीच सांगितले होते. मी घासाघीस केली नाही.

तुझी,
आत्या