मोकळीक

मोटारीच्या यंत्ररचनेत इंजिनाला जो मान मिळतो, तो क्लचला सहसा मिळत नाही. त्याची आठवण तो बिघडल्यावरच होते. वस्तुतः इंजिन आणि चाके यांच्यामधली सर्वांत अवघड मध्यस्थी त्याच्याकडे असते. पेट्रोलचे इंजिन एका किमान गतीच्या खाली चालू राहू शकत नाही. उभ्या गाडीच्या चाकांना तर आरंभ शून्यापासून करायचा असतो. एक वेगाने फिरणारा, दुसरा निश्चल. या दोघांना एकदम जोडले तर गाडी हिसका खाते आणि इंजिन बंद पडते. म्हणून क्लचची प्लेट क्षणभर घसरते आणि घसरता घसरताच पकड घेते. जोडणीच्या वेळची ही घसरण दोष नव्हे. तिच्यावाचून जोडणीच शक्य नाही. जोडणी पूर्ण झाल्यावरही ती चालू राहिली, तर मात्र तो आजार होय.

हा आजार घेऊन कुर्ल्याच्या एका गल्लीतील गॅरेजात आलेली गाडी प्रीमियर पद्मिनी होती. म्हणजे एका अर्थी ती माहेरीच आली होती. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना याच कुर्ल्यात होता. 1964 पासून फियाट 1100 डिलाइट या नावाने आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने ही गाडी तिथून बाहेर पडत राहिली. 1089 सी.सी.चे लहानसे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच बसवलेला चार गिअरांचा हँडल, आणि मागच्या चाकांना मिळणारी गती, एवढ्या भांडवलावर तिने मुंबईची टॅक्सी म्हणून काही दशके काढली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. खाजगी मालकीच्या काही गाड्या मात्र दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करीत अजून चालतात. ही त्यांपैकी एक.

तिचे मालक निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याहत्तर. उड्डाणपुलाच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या प्रमाणात पुढे जात नाही आणि जळक्या अस्तराचा वास येतो, अशी त्यांची तक्रार. मेस्त्रींनी हँडब्रेक ओढून गाडी चौथ्या गिअरमध्ये घातली आणि क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवे होते. ते गुरगुरत राहिले. निदानाला आणखी काही लागत नव्हते.

“नुसती प्लेट बदलली तर?” सरांनी विचारले.

“सर, प्लेटला पैसे कमीच लागतात. पैसे लागतात ते गिअरबॉक्स खाली उतरवायला. सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागलं, तर तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा, तीच मजुरी पुन्हा द्यायची.”

सरांचा हिशेब निराळा होता. नोंदणीची मुदत संपायला दोन वर्षे उरली होती आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी रात्री गाडी चालवू नये असे आधीच बजावले होते. दोन वर्षांसाठी सगळा संच नवा कशाला, हा प्रश्न त्यांनी मोठ्याने विचारला नाही. पण मेस्त्रींना तो ऐकू आला असावा. ते म्हणाले, “उघडून तर बघू. भागच सांगतील काय ते.”

गाडी घोड्यांवर चढली. मागचा शाफ्ट सुटला, गिअरबॉक्सखाली जॅक लागला. बेल हाउसिंगचे शेवटचे बोल्ट निघताना मेस्त्रींनी आपल्या हाताखालच्या पोराला गिअरबॉक्स सरळ रेषेत मागे घ्यायला लावले, कारण त्याचे वजन शाफ्टवर लोंबकळले तर प्लेटचा मधला भाग वाकतो. आतली काळी धूळ फुंकू दिली नाही. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून घेतली. मग भाग बोलू लागले. प्लेटचे लायनिंग रिव्हेटांपर्यंत झिजले होते. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग होते. त्याला लेथवर हात मारणे भाग होते. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा थकल्या होत्या. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून तेल पाझरत होते, आणि तसेच ठेवले तर नवी प्लेटही त्यात भिजली असती. रिलीज बेअरिंग हातात धरून फिरवले तेव्हा ते खरखरले.

“सर, पाय क्लचवर ठेवून गाडी चालवता?”

सर जरा वेळाने म्हणाले, “मी नाही. ही चालवायची. गेली पाच वर्षं नाही ती.”

मेस्त्रींनी बेअरिंग पुसून त्यांच्या हातात दिले. त्यावर कुणीच काही बोलले नाही. सरांनी सगळा संच बदलायला सांगितला.

गॅरेजातला दुसरा हिशेब त्या पोराचा होता. पुढच्या महिन्यापासून तो एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये रुजू होणार होता. तिथे संगणक दोष सांगतो, आणि येऊ घातलेल्या विजेवरच्या गाड्यांत बहुधा क्लचच नसतो. चार वर्षे तो या गल्लीत शिकला. गुडघे कुरकुरू लागल्यापासून वस्ताद गाडीखाली जात नव्हते, तेव्हा त्यांचे डोळेही तोच झाला होता. “वस्ताद, हे शिकून आता करू काय?” हे त्याने मागे एकदा विचारले होते. मेस्त्रींनी त्याला उत्तर दिले नव्हते. त्यांच्यापाशी ते नव्हतेही.

आजही त्यांनी उपदेश केला नाही. नवी प्लेट त्याच्या हाती देऊन एवढेच म्हटले, “बाजू तू ठरव.” प्लेटच्या दोन बाजू सारख्या दिसतात, पण नसतात, उलटी बसली तर मधला उंचवटा फ्लायव्हीलला घासतो. पोराने दोनदा उलटून पाहिले आणि बसवली. जुन्या गिअरबॉक्सचा जपून ठेवलेला शाफ्ट मधोमध घालून त्याने प्लेट केंद्रात आणली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळले. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावताना बोट भरून घेतले होते; मग स्वतःच निम्मे पुसून टाकले. जास्तीचे ग्रीस फिरण्याच्या वेगाने लायनिंगवर उडते. गिअरबॉक्स पहिल्याच खेपेला आत सरकला. मेस्त्री स्टुलावर बसून हे पाहत होते. सबंध वेळ त्यांचे हात मांडीवर होते, आणि एवढा संयम त्यांना पूर्वी कधी साधला नव्हता.

जाणत्याची गती आणि नवशिक्याची स्थिरता यांचे मीलन असेच होत असावे. जाणता घाईने पकडू गेला तर नवशिका कोलमडतो; त्याने पकडलेच नाही तर अवघी शक्ती नुसत्या आवाजात जाते. दोहोंमधल्या त्या थोड्याशा घसरणीत काहीतरी झिजते खरे. ते झिजण्यासाठीच तिथे ठेवलेले असते.

शेवटचे काम पेडलचे उरले होते. पोराने जोडणीचा नट फिरवून पेडल अगदी घट्ट केले. पाय टेकताच क्लच सुटावा, म्हणजे सरांच्या पायाला त्रास नको, असा त्याचा विचार.

“एवढं घट्ट नको,” मेस्त्री म्हणाले. “वर थोडी मोकळीक ठेव. नाहीतर बेअरिंग दिवसभर टेकून राहील आणि प्लेट कधीच पुरती धरणार नाही. नवी असली तरी घसरेल.”

पोराने नट मागे फिरवला. पेडल बोटाने दाबून पाहिले. पहिल्या थोड्या अंतरात त्याला काहीच लागले नाही, मग भार जाणवला. त्याने वर पाहिले. मेस्त्रींनी मान हलवली आणि गाडीची किल्ली सरांकडे दिली. सरांनी ती पोराच्या हातात ठेवली आणि आपण शेजारच्या सीटवर जाऊन बसले.