बॅटल : लढाईच्या नावाचं गाव

लंडनला गेलात की कोहिनूर पाहायला टॉवर ऑफ लंडनच्या रांगेत उभे राहालच. तिथला मधला पांढरा बुरूज बांधायला घेतला तो विल्यमने, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ड्यूकने. हा ड्यूक इंग्लंडचा राजा कसा झाला, हे पाहायचं असेल तर एक दिवस मोकळा ठेवा. चेअरिंग क्रॉसहून गाडी पकडा आणि साधारण दीड तासाने बॅटल स्टेशनवर उतरा. हो, गावाचं नावच ‘लढाई’! शाळेत वाचलेली हेस्टिंग्जची लढाई हेस्टिंग्जला नव्हे, तिथून दहाएक किलोमीटर आत, इथे झाली.

तिकीट काढून आधी मैदानाच्या तळाशी जा आणि वर पाहा. टेकडीच्या माथ्यावर राजा हॅरल्डचे सैनिक ढालीला ढाल लावून उभे होते. १९ दिवसांपूर्वीच त्यांनी उत्तरेत, यॉर्कजवळ, नॉर्वेच्या राजाला हरवलं होतं. खाली विल्यमचे घोडेस्वार. इंग्लंडची गादी आपल्याला कबूल झाली होती, असा त्याचा दावा. १४ ऑक्टोबर १०६६ ला सकाळी सुरू झालेली झुंज अंधार पडेपर्यंत चालली. हा चढ चढताना आपल्यालाही धाप लागते. चिलखत घालून चढणाऱ्यांचं काय झालं असेल!

ढालींची ती भिंत समोरून फुटेना. मग नॉर्मन पळाल्यासारखं करत मागे फिरले, पाठलाग करायला इंग्रज खाली उतरले आणि उघड्यावर सापडले. आपल्या गनिमी काव्याची आठवण येते ना? संध्याकाळपर्यंत हॅरल्ड पडला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टरमध्ये विल्यमच्या डोक्यावर मुकुट चढला.

पुढे त्याने इथे मठ बांधला. विजयाची खूण म्हणून आणि सांडलेल्या रक्ताचं प्रायश्चित्त म्हणूनही. माथ्यावर पाणी नाही, अशी कुरकुर साधूंनी केली. तेव्हा, दुसरीकडे पाणी असेल त्याहून जास्त वाइन देईन पण मठ इथेच होईल, असं तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. कारण हॅरल्ड जिथे पडला, नेमकी तीच जागा त्याला चर्चच्या वेदीसाठी हवी होती.

ते चर्च आज नाही. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला आणि चर्च पाडलं गेलं. वेदीच्या जागी, हिरवळीत, हॅरल्डच्या नावाचा दगड आहे. तिथे थोडा वेळ थांबा. जिंकलेल्याचं चर्च गेलं, हरलेल्याचं नाव तेवढं राहिलं आहे.