आधी नाव तर सांगू या

आमदारसाहेबांनी खिशातून दोन हजार रुपये काढून आमच्या लेकीच्या हातात ठेवले. कोणीतरी फोटो काढला. "शुक्रिया साहेब" म्हणून आम्ही दोघं बाहेर आलो. मागायला गेलो होतो वेगळंच.

लेक तेव्हा सहा वर्षांची होती. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि तिला सेरेब्रल पाल्सी झाली. समज उत्तम आहे, पण पाय ताठ आणि बोलणं फक्त घरच्यांना कळतं. नियमित फिजिओथेरपी झाली नाही तर वाढत्या वयात स्नायू आखडत जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमचं गाव कोकणातलं, तालुक्याचं. फिजिओथेरपी मात्र चाळीस किलोमीटरवर. आठवड्यातून दोनदा एसटीने जायचं, म्हणजे आमच्यापैकी एकाचा पूर्ण दिवस त्यातच जाई. शिलाईचं दुकान त्या दिवशी अर्धंच चाले. पावसाळ्यात रस्ता बंद पडला की पंधरा-पंधरा दिवस खाडा.

ते दोन हजार आम्ही लेकीच्या खास बुटांना लावले. खोटं कशाला बोलायचं? पण त्या रात्री झोप लागली नाही. आम्हाला सदका नको होता. आमच्या गावात आठवड्यातून दोन दिवस बसणारा फिजिओथेरपिस्ट हवा होता. ते सांगायला तोंडच उघडलं नव्हतं.

मोहल्ल्यात एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी आमचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही लेखी काय दिलंत? कोणत्या कायद्याखाली मागितलंत?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

सरांनीच मग समजावलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली संसदेत मंजूर झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. 1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, नव्यात 21 आहेत. आमच्या लेकीचा आजार त्यात नावानिशी आहे. कलम 25 मध्ये जवळपास, विशेषतः ग्रामीण भागात, आरोग्यसेवा देण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. कलम 31 मध्ये ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिवाय महाराष्ट्रात ग्रामपंचायत असो की नगरपरिषद, तिने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात.

आम्ही दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. उत्तर आलं. त्या 5 टक्क्यांतली बरीच रक्कम पडून होती आणि उरलेली एका कार्यक्रमात साहित्य वाटण्यात गेली होती. थेरपीवर एक रुपयाही नव्हता.

कागद घेऊन आम्ही पुन्हा आमदारांकडे गेलो. या वेळी लेकीला सोबत नेलं नाही, म्हणजे फोटोचा प्रश्नच नाही. त्यांनी कागद नीट वाचला आणि सरळ विचारलं, "मी सभागृहात प्रश्न मांडतो. पण आकडा सांगा. अशी मुलं किती आहेत?" त्यांच्या माणसाने यादी काढली. आमच्या गावातली चार मुलं त्यात होती. आमच्या एका गल्लीतच तीन होती! "चार मुलांसाठी केंद्र मागितलं तर मला हसतील," ते म्हणाले. राग आला, पण त्यांचं चुकत नव्हतं. बाकीची मुलं कुठे होती? घरात होती, कडी लावून.

मग आम्ही दारोदार फिरायला लागलो. एका घरी खाला दार अर्धवट उघडून म्हणाल्या, "आमच्याकडे असं कोणी नाही गं." आतून मुलाचा आवाज येत होता. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. दुसऱ्या घरी उत्तर मिळालं, "अल्लाहची मर्जी. सब्र करतोय आम्ही. सरकार काय करणार?" आम्ही कोणत्या तोंडाने त्यांना बोल लावणार? आदल्या वर्षी चुलतभावाच्या निकाहला आम्हीही लेकीला दादीजवळ घरी ठेवून गेलो होतो. लोक काय म्हणतील, एवढंच कारण. परत आलो तेव्हा ती नवा फ्रॉक घालून दाराशी बसली होती.

सरांनी त्या दिवसांत आम्हाला जावेद आबिदी यांच्याबद्दल सांगितलं. अलीगढमध्ये जन्मलेले, मणक्याच्या जन्मजात दोषामुळे व्हीलचेअरवर असलेले पत्रकार. अमेरिकेत शिकून ते भारतात परतले. अपंगांसाठीच्या विधेयकाला खासदार हात लावत नव्हते, तेव्हा डिसेंबर 1995 मध्ये ते अपंग बांधवांना घेऊन दिल्लीत रस्त्यावर उतरले. त्याच महिन्यात विधेयक मंजूर झालं. पुढे 2001 च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न असावा म्हणूनही ते भांडले, आणि तो प्रश्न आला. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी पैसा ठेवला जात नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. 2018 साली त्यांचा इंतकाल झाला. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग मोजले गेले, महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार. आमची लेक त्यानंतर जन्मली, त्यामुळे त्या आकड्यात ती नाही.

आम्ही इमामसाहेबांनाही भेटलो. पुढच्या जुम्याला त्यांनी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांच्यावर बयान केलं. ते दृष्टिहीन होते. पैगंबर (स.) यांनी त्यांना अजान देण्याचं काम दिलं, आणि स्वतः मदीनेबाहेर जाताना शहराची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली. "आणि आपण आपल्या मुलांना लग्नातसुद्धा नेत नाही," एवढंच बोलून ते थांबले. दोन दिवसांनी त्याच खाला आमच्या दुकानात आल्या. मुलाचा जन्मदाखला पदराखाली होता.

चार महिन्यांत यादी एकतीस मुलांची झाली. आमच्या मोहल्ल्यातली, कोळीवाड्यातली, वरच्या वाडीतली. नावं लिहिताना कुणाचा धर्म कुणी विचारला नाही. प्रमाणपत्रांसाठी जिल्हा रुग्णालयाच्या खेपा सगळ्यांनी मिळून केल्या. सरांनी एका पानाचं निवेदन लिहून दिलं, मागण्या तीनच. ते आम्ही आमदारांना दिलं, विरोधी पक्षाच्या माणसांनाही दिलं आणि नगरपरिषदेत देऊन पोच घेतली. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं, म्हणून डिसेंबरातच गेलो. मार्चनंतर कितीही रडलं तरी उत्तर एकच मिळतं, "पुढच्या वर्षी बघू."

आमदारांनी शब्द पाळला आणि प्रश्न मांडला. सरकारचं उत्तर आलं, "कार्यवाही सुरू आहे." वाचून हसावं की रडावं कळेना. पण तो प्रश्न छापील कामकाजात आला आणि नगरपरिषदेतली हालचाल वाढली. त्या वर्षी 5 टक्क्यांतून फिजिओथेरपिस्टचं मानधन मंजूर झालं आणि जुन्या शाळेतली एक खोली मिळाली. आठवड्यातून दोन दिवस, अल्हम्दुलिल्लाह.

सगळं मिळालं असं नाही. बोलणं शिकवणारा तज्ज्ञ आजही नाही. मानधन दर वर्षी नव्याने मागावं लागतं. लेक आता अकरा वर्षांची आहे. जी वर्षं आम्ही गप्प बसून घालवली त्यांत तिचा डावा पाय आखडला, तो आता पूर्ण सरळ होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. ती खंत कोणत्याही निवेदनाने भरून येत नाही. त्या चारच्या यादीत आमच्या लेकीचंही नाव नव्हतं, हे तर अजून सांगितलंच नाही. प्रमाणपत्र आम्हीच काढलं नव्हतं. "शिक्का बसेल," म्हणत राहिलो.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा आमदारांकडे गेलो. लेकीने हट्ट केला, म्हणून तिलाही नेलं. साहेबांनी तिला विचारलं, "काय हवं बेटा?" ती बोलली, पण त्यांना कळलं नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सांगितलं, "ती म्हणते, बोलायला शिकवणाऱ्या बाई कधी येणार?" त्यांनी वहीत लिहून घेतलं. तारीख विचारायला आम्ही पुन्हा जाणार आहोत.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात किंवा शेजारी असं मूल असेल तर एवढं करा. प्रमाणपत्र काढा. आपल्या नगरपरिषदेने, ग्रामपंचायतीने त्या 5 टक्क्यांचं काय केलं ते विचारा. एकटे जाऊ नका, चार घरं मिळून जा. आणि येत्या 2027 च्या जनगणनेचा माणूस दारात येईल तेव्हा दार पूर्ण उघडा. घरात किती माणसं, असं तो विचारेल. सगळी सांगा.