कोरी पगारचिठ्ठी

मी मूळचा मेकॅनिकलवाला. २००७ साली दुबईत कंपनीच्या पगाराचं काम गळ्यात पडलं, म्हणून ओरॅकलचं पीएल/एसक्यूएल शिकायला बसलो. पहिलीच प्रोसिजर : मूळ पगार अधिक ओव्हरटाइम. सोप्पं! न तपासताच चालवली.

दुसऱ्या दिवशी साइटवरचा एक सुतार कोरी पगारचिठ्ठी घेऊन समोर उभा. "साब, मैं महीनाभर आया नहीं क्या?"

त्याने ओव्हरटाइम केला नव्हता. तिथे शून्य असेल असं मी धरून चाललो होतो. होतं 'नल', म्हणजे 'माहीत नाही'. आणि ९०० दिरहम अधिक 'माहीत नाही' याचं उत्तरही 'माहीत नाही'च! एनव्हीएल फंक्शनने नलच्या जागी शून्य घातलं, एका ओळीत काम झालं. नवी चिठ्ठी त्याच्या हाती देताना मात्र मान वर होईना.

असो. मंडळी, रिकाम्याला शून्य समजू नका.