पिंपातील सेवाज्येष्ठता

मद्याविषयी लिहावयाचे म्हणजे मराठी माणसाला आधी दाराची कडी लावून घ्यावीशी वाटते. चहाविषयी लिहावे, विड्याविषयी लिहावे, फार काय तपकिरीच्या डबीविषयीही लिहावे. पण व्हिस्कीचे नाव काढले की समोरचा गृहस्थ एक तर डोळे मिचकावतो, नाही तर चष्म्याच्या काचांवरून पाहू लागतो. पहिल्या प्रकारच्या वाचकांस येथे रंगेल असे काही मिळणार नाही, आणि दुसऱ्या प्रकारच्या वाचकांच्या नजरेला आम्ही यथावकाश उत्तर देणारच आहोत. तेव्हा दार उघडेच ठेवून लिहावे, हे बरे.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात उच्च श्रेणी लिपिक आहोत. पहिली काही वर्षे बंगळुरात काढली, आता दिल्लीत आहोत. पगाराचा आकडा सांगण्याचे कारण नाही. या मासिकाचे बहुतेक वाचक तो कोष्टक पाहून स्वतःच काढू शकतील. या पगारात घरभाडे, चिरंजीवांची शाळा आणि गावी पाठवावयाची रक्कम वजा जाता जे उरते, त्यात माणसाने सिंगल माल्ट व्हिस्कीचा व्यासंग करावा, ही गोष्ट ऐकणाराला विनोदी वाटते. परंतु गेली सहा वर्षे आम्ही तो करीत आहोत, आणि कोणाचे देणे शिरावर नाही.

हा पदार्थ आहे तरी काय? नाचणीचे सत्त्व ज्या घरात होते त्या घराला तो समजावून देणे अवघड नाही. नाचणी भिजवावी, मोड आणावेत, वाळवावी; मोड येताना धान्यातल्या पिठुळपणाची गोडी होऊ लागते. सातूवर हाच संस्कार केला की त्याचा माल्ट होतो. तो भरडून गरम पाण्यात घोळवितात, गोड पाणी निथळून त्यात यीस्ट घालतात, ते आंबले की तांब्याच्या मोठ्या भांड्यांत बहुधा दोनदा ऊर्ध्वपातन करतात, आणि निघालेला पाण्यासारखा स्वच्छ अर्क ओकच्या पिंपांत भरून निजवितात. रंग येतो तो पिंपाच्या लाकडातून, आणि चवीचाही मोठा भाग तेथूनच. हे सारे एकाच भट्टीत घडले असेल आणि सातूच्या माल्टावाचून दुसरे धान्य त्यात नसेल, तर ती सिंगल माल्ट. उलट, आपल्या देशात व्हिस्की या नावाने जे स्वस्तात खपते त्यातले पुष्कळसे उसाच्या मळीपासून काढलेल्या अर्कात थोडा माल्ट मिसळून केलेले असते. म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडच्या मळीला स्कॉटलंडचा टोप घातला, असाच तो प्रकार होय!

बाटलीवर आकडे असतात : १२, १५, १८. आकडा वाढला की किंमतही वाढते. स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणे निदान तीन वर्षे पिंपात काढल्याखेरीज त्या अर्काला स्कॉच म्हणता येत नाही, आणि लेबलावर वय छापले तर ते त्या मिश्रणातल्या सर्वांत कनिष्ठ पिंपाचे असावे लागते. हा नियम वाचला तेव्हा आम्हांस आपल्या कार्यालयात बसल्यासारखेच वाटले. सेवाज्येष्ठतेची यादी! कोण किती वर्षे खुर्चीवर बसला यावरून त्याचे मोल ठरावयाचे. बसून त्याने काय केले, हा प्रश्न यादीच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. भरीस भर म्हणून परदेशी बाटलीवरचे आयातशुल्क. २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी झालेल्या करारात ते दीडशे टक्क्यांवरून प्रथम पंचाहत्तरांवर आणि पुढे दहा वर्षांत चाळिसांवर आणण्याचे ठरले आहे. पण अठरा वर्षांची बाटली तेवढ्याने लिपिकाच्या फळीवर येऊन बसेल, असे नाही.

ही ज्येष्ठतेची यादी आमच्या डोळ्यांदेखत मोडली ती बंगळुरात. म्हैसूर रस्त्यावर कंबीपुरा येथे अमृत नावाची भट्टी आहे. ती कंपनी १९४८ मध्ये राधाकृष्ण राव जगदाळे यांनी स्थापन केली. आडनाव वाचून मराठी कान टवकारतात, हे खरेच. रम आणि ब्रँडी करणाऱ्या या घराने पुढे भारतीय सातूपासून माल्ट काढला, आणि २००४ च्या ऑगस्टात तो सिंगल माल्ट म्हणून विकावयास ठेवला तो कोठे? थेट ग्लासगोत! पंढरपुरात जाऊन बुक्का विकण्यासारखेच हे धाडस. त्यांच्या ‘फ्यूजन’ या व्हिस्कीत धुरावर वाळविलेला स्कॉटिश सातू एक भाग आणि साधा भारतीय सातू तीन भाग असतो. जिम मरे या इंग्रज परीक्षकाने आपल्या २०१० च्या मार्गदर्शिकेत तिला शंभरांपैकी सत्त्याण्णव गुण देऊन जगात तिसरी ठरविले. या बाटलीवर वयाचा आकडा नाही.

आकडा नाही याचे कारण हवामानात आहे. उन्हाने पिंपातील अर्क फुगून लाकडात शिरतो, गारव्याने आखडून बाहेर येतो. ही ये-जा जितकी जोराची तितका पाक लवकर होतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच असले तरी स्कॉटलंडच्या मानाने ते ऊनच. तेथे चार-पाच वर्षांत जे साधते त्याला स्कॉटलंडात पुष्कळ अधिक काळ लागतो. अर्थात याची किंमतही पिंपालाच मोजावी लागते. लाकडातून दरसाल काही अर्क उडून जातो. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडात तो शेकडा दोनच्या आसपास, तर बंगळुरात दहा ते बारा. लिपिकाच्या सवयीने आम्ही हिशेब मांडला. दोनशे लिटरचे पिंप स्कॉटलंडात बारा वर्षे ठेवले तर दीडशेहून थोडे अधिक उरते. बंगळुरात शेकडा अकराने पाचच वर्षांत एकशे बारावर येते. मुळातूनच कापल्या जाणाऱ्या कराची सवय असलेल्या माणसाला हा तक्ता पाहून पिंपाविषयी बंधुभाव वाटला तर नवल नाही. पण उरते ते निवळ सत्त्व असते.

आता परवडण्याची गोष्ट. आम्ही चौघांनी भिशी काढली आहे : एक लेखापरीक्षणातले, एक टपाल खात्यातले, एक रेल्वेतले आणि चौथे आम्ही. दरमहा प्रत्येकी पाचशे रुपये; दोन महिन्यांत चार हजार जमतात, त्यांतून एक बाटली. शनिवारी रात्री कोणा एकाच्या घरी प्रत्येकी तीस मिलिलिटर, थेंबभर अधिक नाही. साडेसातशे मिलिलिटरची बाटली याप्रमाणे सहा शनिवार पुरते, आणि उरलेले तीस मिलिलिटर औषधाच्या कुपीत चिठ्ठी लावून पुढील तुलनेसाठी ठेवले जातात. अशा बत्तीस कुप्या आमच्या कपाटात आहेत. तेच आमचे संग्रहालय.

या भिशीची एक वही आहे. पहिल्या शनिवारी इंग्रजी पुस्तकांतील शब्द उतरविण्याचा प्रयत्न झाला. पण हीदरची फुले आम्हां चौघांपैकी कोणी पाहिली आहेत? तेव्हा ठराव झाला की, जो वास नाकाला ओळखीचा असेल त्याच्याच नावाने नोंद करावयाची. ग्लेनफिडिकच्या बारा वर्षांच्या बाटलीपुढे ‘नासपती’ असे लिहिले आहे. अमृतपुढे ‘काकवी, गुऱ्हाळातली, दुसऱ्या दिवशीची’. आयला बेटावरच्या लाफ्रॉइगपुढे टपालवाल्यांनी ‘शाळेतले टिंक्चर आयोडीन’ असे लिहिले. पीट म्हणजे दलदलीत दबून राहिलेल्या वनस्पतींचे इंधन. त्याच्या धुरावर वाळविलेल्या सातूची ती बाटली होती. रेल्वेवाल्यांनी बराच वेळ पेला नाकाशी धरून अखेर सांगितले, “पहिला पाऊस झालाय, शेणी ओल्या आहेत, आणि आई चूल फुंकते आहे.” त्यांच्या मातोश्री त्याच वर्षी निवर्तल्या होत्या. त्या शनिवारी पुढची नोंद झाली नाही.

सरकारी नोकराला या व्यासंगात एक कुंपण आहे, आणि ते असावे हे आम्हांस मान्य आहे. १९६४ च्या वर्तणूक नियमांतील बाविसाव्या नियमाप्रमाणे आम्हांस सार्वजनिक ठिकाणी मद्य घेता येत नाही. रजा प्रवास सवलतीत आम्ही सहकुटुंब गोव्यास गेलो, तेव्हा सौभाग्यवती फातर्प्याला कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गेच्या दर्शनास गेल्या आणि आम्ही कुंकळ्ळीची पॉल जॉन भट्टी पाहावयास गेलो. २०१२ मध्ये यांची सिंगल माल्टही प्रथम ब्रिटनच्याच बाजारात उतरली. तेथे चवीचे पेले पुढे आले. बाविसावा नियम स्मरून आम्ही ते ओठांस लावले नाहीत. मात्र वास घेण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. पंधरा मिनिटे आम्ही नुसते हुंगत होतो, आणि घरी जे प्यालो त्याहून अधिक तेथे शिकलो. व्हिस्कीचे निम्मेअधिक सुख नाकात असते, आणि नाकाला पैसे पडत नाहीत.

आता चष्म्यावरून पाहणाऱ्या वाचकांकडे वळू. आमचे तीर्थरूप सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. आमच्या आळीतल्या एका कर्त्या पुरुषाने दारूपायी घरातली भांडी एकेक करून मोडीत काढली, शेवटी पाण्याचा हंडाही. आणि त्याची मुले आमच्या पडवीत जेवत, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. गेल्या हिवाळ्यात अण्णा दिल्लीस आले असता त्यांना त्या कुप्या दिसल्या. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या, वही मागितली, तीही शांतपणे वाचली. मग म्हणाले, “अक्षर चांगले ठेवले आहेस. पण भांडी विकली त्यानेही पहिला पेला चवीसाठीच घेतला असेल.”

या वाक्याला आमच्याजवळ खोडून काढणारे उत्तर नाही, आणि शोधूही नये असे आम्हांस वाटते. तीस मिलिलिटरची मर्यादा ते वाक्य ऐकण्याआधीचीच होती. त्यानंतर वहीच्या पहिल्या पानावर आम्ही ते शाईने लिहून ठेवले. चौघांपैकी कोणी दुसरा पेला मागितला, तर भिशी त्या दिवशी मोडावयाची, असे कलमही त्याखाली घातले. चौघांच्या सह्या आहेत. अण्णांनी ते पान पाहिले. संमती दिली नाही, वहीही फाडली नाही.

ज्यांना हा मार्ग चोखाळावयाचा आहे त्यांनी देशी माल्टापासून प्रारंभ करावा, कारण तो खिशालाही सोसतो आणि नाकालाही ओळखीचा वाटतो. दक्षिणेत असाल तर अमृतची साधी बाटली, गोव्याकडे पॉल जॉनची ‘निर्वाणा’. उत्तरेत १९४३ पासून चालत आलेली रामपूरची भट्टी आहे, तिची सिंगल माल्ट २०१६ ची. आणि कर्नाल जिल्ह्यातल्या इंद्रीची ‘त्रिनी’ २०२१ पासून मिळते. ही ‘त्रिनी’ तीन जातींच्या पिंपांत मुरते : अमेरिकेच्या बर्बनची, फ्रान्सच्या वाइनची आणि स्पेनच्या शेरीची. अमेरिकेत बर्बनला दरवेळी कोरेच पिंप लागते असा कायदा असल्यामुळे वापरलेली पिंपे जगभर पाठविली जातात. केंटकीत आयुष्य काढलेले लाकूड हरियाणाच्या उन्हात येऊन पडते, अंगातले थोडे देते, तेथल्या उन्हाने तापते, आणि त्यातून जे निघते त्याला केंटकीचे म्हणत नाहीत, इंद्रीचे म्हणतात.

आमच्या कार्यालयातली ज्येष्ठतेची यादी पुढील महिन्यात पुन्हा फलकावर लागेल. आमचा क्रमांक त्यात फारसा वर सरकणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याच आठवड्यात भिशीची पुढची बाटली फुटावयाची आहे. तिच्यावरही आकडा नाही. लेखापरीक्षणवाल्यांची पाळी असल्यामुळे मोजमाप चोख होईल.